रॅगटाइम या ठेकेदार अमेरिकन पियानो-संगीताचा रचनाकार स्कॉट जोप्लिन याने स्वतः वाजवलेलं मूळ रेकॉर्डिंग कुठे ऐकायला मिळेल? आणि त्याला हयातीत पैसे मिळाले का?

मिळणार नाही, कारण ते नाहीच. जोप्लिनने वाजवलेली एकही तबकडी आज उपलब्ध नाही, मेणाचं सिलिंडरही नाही. यूट्यूबवर 'खुद्द जोप्लिन, १९१६' म्हणून जे फिरतं ते पियानो रोल, म्हणजे भोकं पाडलेला कागद, ज्यावरून पियानो आपोआप वाजतो. कागद १९१६ चा, पण तुम्ही ऐकता तो पियानो, ती खोली आणि तो वेग नंतरच्या कुणाचा तरी.

एवढं लिहून थांबता आलं असतं. पण याच मुद्द्यावरून आमच्या घरात दोन माणसं अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत, आणि त्यातला एक मी आहे.

ताईच्या घरी ठाण्याला गणपतीत रात्रीची आरती झाली की भावोजी रेकॉर्डी लावतात. संग्रह चांगला आहे, नाट्यपदांच्या ७८ च्या तबकड्या तर हेवा वाटावा अशा. त्या वर्षी त्यांनी कुठूनशी रॅगटाइमची एलपी पैदा केली होती. जोप्लिनचा 'मेपल लीफ रॅग' सुरू झाला आणि भावोजी डोळे मिटून म्हणाले, "ही बोटं साक्षात जोप्लिनची." शेजारपाजारचे, ऑफिसातले, सगळे माना डोलवायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "भावोजी, बोटं नव्हेत ती, भोकं आहेत."

घरच्या जावयाला चारचौघांत असं बोलू नये, हे ताईने मला नंतर स्वयंपाकघरात नीट ऐकवलं. ते मान्य. पण खरं बिनसलं पुढे. भाची तेव्हा पियानो शिकत होती आणि हौसेने जोप्लिनचाच 'द एन्टरटेनर' बसवत होती. भावोजींनी फर्मान काढलं: रेकॉर्डवरच्या वेगानेच वाजवायचं, रचनाकार स्वतः तसं वाजवतो म्हणजे प्रश्न संपला. आता रेकॉर्डवर होता मेपल लीफ, पोरगी वाजवत होती एन्टरटेनर, पण ते जाऊ द्या. तिच्या डाव्या हाताच्या उड्या चुकायला लागल्या, रोज रडारड, शेवटी तिने तो तुकडा सोडूनच दिला. मी तिचंच नोटेशन भावोजींपुढे धरलं. सुरुवातीलाच छापलंय, 'नॉट फास्ट'. १९०२ सालापासून छापलंय. भावोजी म्हणाले, "प्रकाशक काय वाट्टेल ते छापतात. कानाने ऐकलेलं ते खरं."

तर कानाने काय ऐकलं ते सांगतो. दादरला एका पारशी घरात मी पियानोला, म्हणजे असे रोल वाजवणारं यंत्र, स्वतः चालवलाय. सव्वाअकरा इंच रुंदीचा कागद, त्यात लांबट भोकं. कागद एका पितळी पट्टीवरून सरकतो. पट्टीत प्रत्येक स्वराचं वेगळं छिद्र असतं, कागदातलं भोक त्यावर आलं की हवा आत ओढली जाते आणि तो स्वर वाजतो. ही हवा ओढायची पायाने भाता मारून. समोर वेगाची दांडी असते. रोलवर ७० लिहिलं असेल तर कागद मिनिटाला ७ फूट सरकला पाहिजे, पण दांडी तर तुमच्या हातात! ती पुढे रेटली की लय पळायला लागते आणि सूर मात्र जागचा हलत नाही. ७८ ची तबकडी जोरात फिरवली तर सूर चढतो, जरा कान असलेल्याला लगेच कळतं. रोलमध्ये ही लबाडी पकडायची सोयच नाही. साध्या रोलवर स्वराची जोर-नरमाईसुद्धा नोंदली जात नाही, ती भाता मारणाऱ्याच्या पायात असते. वर कारखान्यातले संपादक चुकलेले स्वर दुरुस्त करायचे, वाटलं तर पदरचे घालायचे.

मग जोप्लिनने तबकडी का नाही काढली? तेव्हा रेकॉर्डिंगला मायक्रोफोन नव्हता, तो १९२५ पासून आला. त्याआधी कर्ण्यासमोर वाजवायचं आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणात चर पाडणार. यात पियानो अगदी पिचका, डब्यातून आल्यासारखा उमटायचा. बँजो मात्र खणखणीत, ब्रास बँडही. म्हणून त्या काळातला रेकॉर्डवरचा रॅगटाइम बव्हंशी बँजोवाल्यांचा आणि बँडवाल्यांचा. व्हेस ऑसमनचा बँजो ऐका म्हणजे कळेल. मेपल लीफची टिकून राहिलेली सर्वांत जुनी तबकडी १९०६ ची, तीसुद्धा अमेरिकन नौसैनिकांच्या मरीन बँडची. ज्या पियानोसाठी हे संगीत लिहिलं, तोच त्यात नाही.

आपल्याकडे गवई भास्करबुवा बखल्यांचं तेच झालं, त्यांची स्वतःची तबकडी नाही. त्यांचं गाणं आपण त्यांचे शिष्य बालगंधर्व आणि मास्तर कृष्णरावांच्या तबकड्यांवरून ताडतो. पण म्हणून कुणी मास्तरांची तबकडी लावून "हे साक्षात बुवा" म्हणत नाही.

पैशांचं विचारलंय. मिळाले, पण थोडे. १८९९ मध्ये मिसूरीतल्या सिडेलिया गावात जॉन स्टार्कने मेपल लीफ छापला, करार प्रतीमागे १ सेंटचा. एका काळ्या रचनाकाराला तेव्हा असा करार मिळणं हेच विशेष, बाकीचे दहा-वीस डॉलर घेऊन हक्क विकून मोकळे व्हायचे. पहिल्या ४०० प्रती खपायला साधारण वर्ष गेलं, म्हणजे हातात ४ डॉलर. पुढे प्रचंड खपला आणि बेताची का होईना, नियमित मिळकत सुरू झाली. रेकॉर्ड आणि रोलचा मात्र छदाम नाही. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की रोल ही रचनेची प्रतच नव्हे, कारण माणसाला तो डोळ्यांनी वाचता येत नाही. १९०९ च्या कायद्याने प्रत्येक रोल-तबकडीमागे २ सेंट द्यायला लावले, पण फक्त त्यानंतरच्या रचनांसाठी. मेपल लीफ दहा वर्षं आधीचा, त्यामुळे बाहेरच. उरलंसुरलं 'ट्रीमोनिशा' या ऑपेराने खाल्लं. १९११ मध्ये पदरमोड करून छापला, १९१५ मध्ये हार्लेममध्ये वाद्यवृंदाशिवाय, पोशाखांशिवाय, स्वतः पियानोवर बसून एकदा करून दाखवला, आणि तो पडला. १ एप्रिल १९१७ ला जोप्लिन न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात वारला. थडग्यावर नावाचा दगड लागायला १९७४ उजाडलं.

भावोजींच्या बाजूनेही थोडं लिहितो, नाहीतर ताई म्हणेल एकतर्फी आहे. १९१६ च्या रोलांमध्ये युनि-रेकॉर्ड या छापाचा मेपल लीफ बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे: अडखळणारा, ओबडधोबड. जोप्लिन तेव्हा खूप आजारी होता, त्यामुळे या रोलमध्ये त्याचा खरा हात जास्त शिल्लक राहिला असावा असं काही अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं. पण त्यात आजारी माणसाचा हात आहे, वेग नाही. वेगासाठी कागद वाचायचा. नंतरच्या कितीतरी रॅगांवर त्याने सूचनाच छापून घेतली की रॅगटाइम जलद वाजवणं कधीच बरोबर नाही. ती प्रकाशकाची लहर असती तर १९०८ च्या 'स्कूल ऑफ रॅगटाइम' या स्वतःच्या पुस्तिकेत त्याने तेच पुन्हा कशाला बजावलं असतं?

तुम्ही ऐकायचंच असेल तर आधी मरीन बँड, मग जोशुआ रिफकिनचे १९७० चे पियानोवरचे रॅग, आणि १९३८ मध्ये जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टनने लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मेपल लीफ दोन तऱ्हांनी वाजवून दाखवलाय तो. रोल शेवटी. वाजवायला शिकत असाल तर त्या पुस्तिकेतले सहा व्यायाम काढा, अगदी सावकाश. भाचीला मी तेच दिलेत. भावोजी ऑफिसला गेले की बसते.