हात लांब धरून चंद्र-सूर्याचा आकार मोजता येतो का? आणि उगवतीचा चंद्र खरंच मोठा असतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. मात्र हाताला किलोमीटर कळत नाहीत, अंश कळतात. वस्तू आपल्या डोळ्यापाशी केवढा कोन करते, एवढंच तो सांगतो.

हात पूर्ण ताणा, एक डोळा मिटा. करंगळीच्या टोकाची रुंदी साधारण १ अंश भरते, मधली तीन बोटं जुळवली की ५, मूठ १०. वीत मात्र माणसागणिक बदलते, २० ते २५ अंश धरा. पूर्ण चंद्र भरतो जेमतेम अर्धा अंश, म्हणजे निम्म्या करंगळीत झाकला जातो! आकाशदर्शनाला आलेल्यांना मी आधी अंदाज विचारतो; कुणी अंगठा म्हणतं, कुणी सरळ तळहात. करंगळी म्हणणारा क्वचितच भेटतो.

लहान मुलांनाही हेच माप चालतं, कारण बोट बारीक तसा हातही आखूड. तरी स्वतःचं माप एकदा काढून ठेवा: करंगळीची रुंदी भागिले डोळ्यापासून बोटापर्यंतचं अंतर, गुणिले ५७. रुंदी १.१ सेंमी आणि अंतर ६३ सेंमी असेल तर बरोबर १ अंश येतो.

आता तुमचा कोजागरीचा चंद्र, जो उगवताना परातीएवढा वाटतो आणि दूध आटेपर्यंत लहान होतो. इथे करंगळीपेक्षा कागद बरा. पंचिंग मशीनने कागदाला भोक पाडा. ते साधारण ६ मिमीचं असतं आणि हातभर अंतरावर जवळपास अर्धा अंश भरतं. चंद्र उगवताना त्यातून बघा, मध्यरात्री पुन्हा बघा. दोन्ही वेळा तो भोकात सारखाच बसेल. खरं तर माथ्यावरचा चंद्र किंचित मोठा असतो, कारण तोवर पृथ्वीने फिरून आपल्याला जवळपास ६,००० किमी त्याच्या जवळ नेलेलं असतं. फरक दीड टक्क्याचा, भोकातून तो कळणार नाही. क्षितिजावरचं मोठेपण सगळं मेंदूचं काम आहे. आणि ‘सुपरमून’च्या, म्हणजे पौर्णिमेचा चंद्र पृथ्वीजवळ आल्याच्या, बातम्यांवर फार जाऊ नका. सर्वांत जवळचा चंद्र साडेतेहेतीस कला (एका अंशात ६० कला), सर्वांत लांबचा साडेएकोणतीस. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय डोळ्याला पत्ता लागत नाही.

सूर्यही चंद्राएवढाच, सुमारे ३२ कला. पण त्याच्यावर हा प्रयोग करू नका. बोटाच्या कडेने आलेला उजेडही डोळ्याला महागात पडतो. त्यासाठी ग्रहणं आहेत. १६ फेब्रुवारी १९८० ला कारवारकडून देशात शिरलेल्या पट्ट्यात चंद्राने सूर्य पुरता झाकला, ते खग्रास. २६ डिसेंबर २०१९ ला दक्षिण भारतात चंद्र थोडा अपुरा पडला आणि कंकण उरलं. हाताला न कळणारा फरक असा दिसतो.

ग्रहांच्या बाबतीत हात निकामी. गुरू फुगून फुगून ५० विकला होतो (एका कलेत ६० विकला). करंगळीच्या रुंदीत असे सत्तर गुरू ओळीने बसतील. पण दोन ग्रहांमधलं अंतर बघायला हात उत्तम. २१ डिसेंबर २०२० च्या युतीत गुरू आणि शनी इतके जवळ होते की एका करंगळीआड दोघेही गेले.

माझ्या मते हाताचा खरा उपयोग अंतरं मोजण्यातच आहे. आज चंद्र ज्या ताऱ्यापाशी आहे, तिथून उद्या तो सुमारे १३ अंश पूर्वेला सरकलेला असतो: एक मूठ आणि वर दोन बोटं. एका नक्षत्राचा वाटाही १३ अंश २० कलांचाच, म्हणून तर रोज एक नक्षत्र. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितके तुमचे अक्षांश. पुण्या-मुंबईहून तो दोन मुठींच्या आत-बाहेर, गोव्यातून दीड मूठ. हिंदी महासागरातले अरब खलाशी याच हिशोबाने उत्तर-दक्षिण ओळखत; त्यांचं एक बोट दीड अंशाहून थोडं जास्त होतं.

माप तपासायला सप्तर्षी सोयीचे, एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी उत्तरेला उंच असतात. त्यांच्या चौकोनातले ध्रुवाकडे बोट दाखवणारे दोन तारे, क्रतू आणि पुलह, यांच्यात सव्वापाच अंशांच्या आसपास अंतर आहे. तीन बोटांत ते फारच सैल मावले तर कोपर वाकलेलं नाही ना, हे आधी बघा.