मिट हलता कामा नये

बाळा,

तुझा मेसेज वाचला. 1 ऑगस्ट होऊन गेला, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांचे बेसबॉल कोच आता तुमच्या वर्गातल्या मुलांना फोन करू शकतात; टीममधल्या दोघांना डिव्हिजन वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या, कोचांचे फोन आले, तुला एकही नाही. म्हणून हिवाळाभर वेग वाढवण्याच्या कॅम्पला जाऊ का, असं विचारतोयस. मराठीत लिहितोय, कारण हे तुझ्या बाबांनीही वाचायला हवं; फी तेच भरणार आहेत.

वेगाचं आधी बोलून टाकू. तू पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणि ताशी 84 मैलांनी टाकतोस. मोठ्या कॉलेजांचे कोच 90 च्या आसपास आकडा दिसल्याशिवाय सहसा थांबत नाहीत, हे मी लपवणार नाही. त्यात आता जागाही आटल्या. कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याच्या खटल्यात 2025 मध्ये झालेल्या तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत बेसबॉलसाठी 34 च खेळाडू ठेवता येतात, आणि ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून, एकवीस वर्षांचा तयार पिचर मिळत असताना सोळा वर्षांच्या मुलाची वाट कोण बघणार? फोन आला नाही याचा अर्थ तुझ्यात काही नाही, असा काढू नकोस.

पण आकडा टिपून झाला की कोच पुढे काय बघतो, हे तुला कुणी सांगितलंय का? तो कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू पकडणाऱ्याच्या, हाताकडे बघतो. कॅचरने बाहेरच्या कोपऱ्यावर, गुडघ्याच्या उंचीला मिट, म्हणजे त्याचा जाड हातमोजा, धरला, तर चेंडू तिथेच येतो का त्याला झेपावून पकडावा लागतो? मिट हलता कामा नये. दोन बॉल (चौकटीबाहेर गेलेले चेंडू), शून्य स्ट्राइक असताना चेंजअप, म्हणजे मुद्दाम हळू टाकलेला चेंडू, चौकटीत टाकायची तुझी हिंमत आहे का? पहिल्या बेसवर रनर असताना तू हललास तिथपासून चेंडू मिटमध्ये पोचेपर्यंत 1.3 सेकंद लागतात की 1.6? शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) हातून सोपा चेंडू सुटला की तुझे खांदे पडतात का? (तुझे पडतात. मी पाहिलंय.) उंची, लांब हात, मोकळा खांदा हेही बघतात, अगदी वडिलांच्या उंचीकडेही नजर टाकतात. ते तुझ्या हातात नाही, सोडून दे.

पिचर ग्रेग मॅडक्सने मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, पाच हजारांहून जास्त इनिंग टाकल्या आणि वॉक (चार बॉल टाकून बॅटरला फुकट दिलेला बेस) दिले 999. इतकी वर्षं त्याच्या कॅचरचा मिट हलला नाही, म्हणून तो टिकला. तू मॅडक्स नाहीस, ठाऊक आहे. पण सराव त्याच गोष्टीचा करायचा.

काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक मुलगा होता. काउंटीची फायनल, सहावी इनिंग, आम्ही एका रनने पुढे, आणि स्टँडमध्ये एका कॉलेजचा कोच बसलेला. वेग मोजायच्या गनवर मुलाचा वेग तसाच होता. पण खाली मागितलेला चेंडू छातीपर्यंत यायला लागला, कॅचर दर वेळी मिट वर उचलत होता. मी माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर, गेलो आणि चेंडू मागून घेतला, म्हणजे त्याला बाहेर काढलं. आम्ही हरलो. तो मुलगा पुढे कॉलेजात खेळला नाही. त्याचे वडील अजूनही दुकानात भेटले की मान वळवतात. मला वाईट वाटतं, फार वाटतं. तरी उद्या तोच प्रसंग आला तर मी पुन्हा जाईन. हात दमला की आधी नेम जातो, वेग बराच वेळ तसाच दिसतो. कोपराचा लिगामेंट तुटला की टॉमी जॉन, म्हणजे लिगामेंट नव्याने बसवायचं, ऑपरेशन, आणि वर्ष-दीड वर्ष माउंड बंद. माझं चुकलं, हे मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आणि तू? गेल्या महिन्यात ऐंशीच्या वर चेंडू टाकून तिसऱ्या दिवशी शोकेसला, म्हणजे कोचांसमोर खेळून दाखवायला, गेलास! मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलचे ‘पिच स्मार्ट’ नियम तुझ्या वयाला 76 किंवा जास्त चेंडूंनंतर चार दिवस विश्रांती सांगतात, दिवसाला 95 च्या वर नको म्हणतात, आणि वर्षातून किमान चार महिने सामन्यांतलं पिचिंग आणि त्यातले दोन-तीन महिने सलग फेकणंच बंद ठेवायला सांगतात. तुझा कॅम्प नेमका त्याच महिन्यांत आहे. डिसेंबर 2024 मध्ये खुद्द मेजर लीगच्या अहवालाने दुखापतींमागे वेगाचा हाच हव्यास दाखवला. कॅम्प नको. पुन्हा विचारू नकोस.

फेब्रुवारीपर्यंत चेंडूला हात लावू नकोस. पायांचा व्यायाम कर, नीट जेव, तुला वजन हवंय. वेगही त्यातूनच वाढेल. मग कॅचर बसवून हळूहळू सुरुवात, आणि दर वेळी आधी ठरवून टाकायचं: इथे. मिट हलला तर तो चेंडू मोजायचा नाही.

डिव्हिजन थ्रीला नाक मुरडू नकोस. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, पण चांगल्या मार्कांवर पैसे मिळू शकतात आणि तुझे मार्क चांगले आहेत. व्हिडिओ पाठीमागून काढ, कॅचर पूर्ण दिसला पाहिजे. एक बाजूने काढ. गाणं लावू नकोस. ईमेलच्या विषयात पासआउटचं वर्ष, उजवा हात, उंची, जीपीए (मार्कांची सरासरी). आणि ईमेल तू लिहायचा, बाबांनी नाही; कोचांना पहिल्या ओळीत कळतं. मसुदा रविवारपर्यंत मला पाठव.

तुझा,
काका