टीसीपी सॉकेटवर क्लायंटने पाठवलेले दोन वेगळे संदेश सर्व्हरला एकत्र का मिळतात?

टीसीपी (नेटवर्कवर डेटा पोचवण्याची एक ठरलेली पद्धत) हा बाइटांचा अखंड प्रवाह आहे; सॉकेट म्हणजे प्रोग्रॅम त्यासाठी वापरतो ते जोडणीचे टोक. त्यात संदेशाची सीमा नसते. त्यामुळे क्लायंटने दोनदा सेंड केले तरी सर्व्हरच्या एकाच रिसीव्हमध्ये दोन्ही मजकूर जोडून येऊ शकतात, किंवा मोठा संदेश तुकड्यातुकड्यांनी येऊ शकतो. दोन सेंडच्या मध्ये स्लीप टाकणे (प्रोग्रॅम थोडा वेळ थांबवणे) हा उपाय नव्हे. प्रत्येक संदेशाआधी त्याची लांबी ४ बाइटांत, नेटवर्क बाइट-क्रमाने (मोठ्या मूल्याचा बाइट आधी) पाठवावी आणि सर्व्हरने तेवढे बाइट जमेपर्यंत रिसीव्ह पुन्हा पुन्हा करावे. ते ४ बाइटसुद्धा एका दमात मिळतील असे गृहीत धरू नये. रिसीव्हने शून्य बाइट परत दिले, तर समोरच्याने आपल्या बाजूने पाठवणे संपवले आहे, असे समजून लूपमधून बाहेर पडावे.