ब्रिटनमधील ग्राऊसच्या शिकारीच्या आणि हॅरियरच्या बातम्या इतक्या परस्परविरोधी का असतात?

१२ ऑगस्टला ग्राऊस या तितरासारख्या, माळावरच्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की ब्रिटनमधले एक वृत्तपत्र ‘गेमकीपर (शिकारीची जमीन राखणारे नोकर) पक्षी जगवतात’ असे लिहिते आणि दुसरे ‘गेमकीपरच गरुड-ससाण्यांसारख्या शिकारी पक्ष्यांना मारतात’ असे म्हणते, मग विश्वास कोणावर ठेवावा, असे आपण विचारले आहे. मी आठ वर्षे यॉर्कशायरमध्ये राहतो आणि या बातम्या नेमाने वाचतो. माझ्या मते बराचसा गोंधळ ‘बेपत्ता’ या एका शब्दामुळे होतो.

बातम्यांच्या केंद्रस्थानी असतो तो हेन हॅरियर हा शिकारी पक्षी. हिवाळ्यात सोलापूरकडच्या माळांवर उतरणाऱ्या भोवत्यांचाच हा भाऊबंद. हेदर नावाच्या झुडपांच्या माळावर राखाडी नर पायातले भक्ष्य हवेतच सोडतो आणि खालून आलेली तपकिरी मादी क्षणभर उलटी होऊन ते झेलते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. या पक्ष्याला १९५४ पासून कायद्याचे संरक्षण आहे. पाठीवर उपग्रह-टॅग, म्हणजे ठावठिकाणा कळवणारे छोटे यंत्र, असलेला पक्षी नैसर्गिकरीत्या मेला, तर टॅग सहसा संदेश पाठवत राहतो आणि मृतदेह सापडतो; पण सुस्थितीतला टॅग अचानक बंद पडावा आणि पक्षी व टॅग दोन्ही सापडू नयेत, असे पुन्हा पुन्हा घडते. टॅग लावलेल्या ५८ पक्ष्यांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांपैकी ७२ टक्के बेकायदा मारले गेल्याचे सिद्ध झाले किंवा तशी दाट शक्यता दिसली. मृतदेह नाही, आरोपी नाही, म्हणून संपादक ‘बेपत्ता’ लिहितात. त्यांची सावधगिरी मला समजते, पण वाचकाला वाटते की पक्षी कुठेतरी उडून गेला.

दुसऱ्या बाजूच्या बातम्यांत ‘विक्रमी’ हा शब्द असतो. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये १४१ पिल्ले घरट्यातून उडाली, हे खरे आहे, आणि २०१३ मध्ये एकही वीण यशस्वी झाली नव्हती हे लक्षात घेता ते आनंदाचेही आहे. मात्र तीनशेहून अधिक जोड्या राहू शकतील एवढा अधिवास असलेल्या त्या देशात तेव्हा घरटी अवघी ५४ होती, आणि उडालेले पिल्लू पुढचा हिवाळा पाहीलच असे नाही, हे त्या मथळ्यांत येत नाही.

गेमकीपरांची तक्रारही खोटी नाही. स्कॉटलंडमधील लँगहोमच्या माळावर १९९२ ते १९९७ या काळात हॅरियर वाढू दिले, त्यांनी ग्राऊसची पिल्ले मोठ्या प्रमाणावर खाल्ली, पुढे शिकार थांबली आणि तिथल्या गेमकीपरांच्या नोकऱ्या गेल्या. पक्ष्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हे वगळू नये, असे मला मनापासून वाटते. रोजगाराची ही भीती समजून घेतल्याशिवाय हत्या का थांबत नाहीत, हे कळणार नाही.

स्कॉटलंडने २०२४ च्या कायद्याने ग्राऊसच्या शिकारीला परवाना सक्तीचा केला असून, शिकारी पक्ष्यांविरुद्धचे गुन्हे घडल्यास तो निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. त्यामुळे यापुढे ‘बेपत्ता’ हा शब्द दिसला की टॅगचा शेवटचा संदेश कुठून आला आणि ती जमीन कशासाठी राखली जाते, हे बातमीत दिले आहे का ते आधी पाहावे.