चाळीसगावहून जानेवारीत समुद्रावर गळ टाकायला जायचंय. धरणाचं सामान आणि धरणाच्या सवयी तिथे चालतील का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: गिरणा धरणावर बरीच वर्षं गळ टाकताय, जानेवारीत चार दिवस रायगडच्या किनाऱ्यावर जायचा बेत आहे. आठ फुटी काठी, ४००० नंबरचं रीळ आणि कणकेचा गोळा यावर भागेल का, आणि पहाटे किती वाजता बसायचं? सामानाचं नंतर सांगतो, त्यात फारशी अडचण नाही. खरी अडचण 'किती वाजता' यातच आहे.

धरणावर जागा सापडली की अर्धं काम झालं. बुडालेलं खोड, जुन्या नाल्याचं पात्र, तिथे ठिय्या मारला की आज ना उद्या कटला येतोच. समुद्रावर तीच जागा सकाळी कोरडी असते आणि सहा तासांनी तिच्यावर दोन पुरुष पाणी असतं. मासा पाण्याबरोबर आत येतो आणि पाण्याबरोबरच बाहेर जातो. म्हणून आधी तिथी बघा, मग रजा टाका. उलटं केलंत तर चारातले तीन दिवस चिखल बघण्यात जातील.

कोकणात जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराचे पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच, आणि दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात तो अर्ध्या-एक तासाच्या फरकाने जुळतो. दक्षिणेला रत्नागिरीकडे भरती आधी येते, खाडीत आत गेलात तर उशिरा. तारीख ठरवायला एवढं पुरतं. प्रत्यक्ष बसायच्या आदल्या रात्री मात्र त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर बघून घ्या.

तुम्हाला हवी पहाटेची वेळ आणि चढतं पाणी, दोन्ही एकदम. जानेवारीत तिकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान पूर्ण व्हायला हवी, आणि ती येते दशमी, एकादशी, द्वादशीला. नवमीला पोहोचा, दुपारी ओहोटीत जागा पाहून घ्या आणि पुढचे तीन दिवस बसा. लोक पौर्णिमा-अमावास्येला जा म्हणून सांगतात, ते ऐकू नका. त्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आसपास येते, उजाडताना पाणी पार ओसरलेलं असतं. शिवाय ते उधाण असतं. मुंबईच्या बाजूला उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, तळाचा गाळ ढवळला जातो आणि ऐंशी ग्रॅमचं शिसंही जागेवर थांबत नाही. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांचं पाणी मंद असतं, त्याला भांग म्हणतात. तिथून पुढे पाणी हळूहळू जोर धरतं. दशमी ते द्वादशी म्हणजे भांग सरत आलाय, पाणी चालतंय, पण अजून गढूळ झालेलं नाही.

सहा तासांच्या भरतीत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. एकादशीचा दिवस धरा: हे मधले दोन तास सव्वाचार ते सव्वासहा, अंधारातच सरतात, म्हणून निदान सव्वासहाला गळ पाण्यात हवा, सव्वाआठला पाणी थांबेल, तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं चहा घ्या, आणि पाणी उलटं फिरलं की साडेदहापर्यंत पुन्हा जोर लावा. खाडीच्या मुखाशी ही उतरती वेळ मला चढत्याहून जास्त भरवशाची वाटते. आतली छोटी बोई (खाडीतला लहान मासा) आणि कोळंबी पाण्याबरोबर बाहेर ओढली जाते आणि मोठा मासा तोंडाशी वाट बघत असतो.

आता थंडीचा फायदा. शाळेच्या भूगोलातले मतलई आणि खारे वारे आठवत असतील. हिवाळ्यात पहाटे जमीन समुद्रापेक्षा गार असते, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी निवांत पडतं. अकरा-बाराच्या पुढे खारा वारा सुरू झाला की लाटा फुटायला लागतात आणि दोरीला पोट येतं. नद्यांचं पावसाळी पाणी केव्हाच ओसरलेलं असतं, त्यामुळे पाणी निवळ असतं. आणि आपल्याकडच्या थंडीवरून समुद्राचा अंदाज करू नका. जळगावात पारा आठ-दहावर आला तरी तिथलं समुद्राचं पाणी २४-२५ अंशांच्या खाली क्वचितच जातं. खाडीतलं उथळ पाणी मात्र रात्रीत गारठतं. त्यामुळे पहाटे उथळात मासा सुस्त असतो, खोल चरात बसतो. तिथे आमिष सावकाश ओढायचं, दोनदा रीळ फिरवून दोन श्वास थांबायचं. उन्हं चढली की तोच मासा कडेला येतो.

जागा निवडताना खाडीचं मुख बघा. रेवदंड्याला कुंडलिका, थोडं दक्षिणेला बाणकोटला सावित्री, रत्नागिरीत दाभोळला वाशिष्ठी. कुणी सुचवेल की सुरतच्या गाडीने डुमसला जा, आपली तापी तिथेच समुद्राला मिळते, जवळही पडतं. मन ओढतं खरं, पण पहिल्या वेळेस नको. ते खंबातच्या आखाताचं तोंड. तिथलं भरतीचं पाणी रायगडहून बरंच जास्त चढतं, गाळ पायाखाली धरतो आणि पाणी फार वेगाने अंगावर येतं.

नवमीच्या ओहोटीत काय बघायचं? उघड्या पडलेल्या वाळूत पाणी साचलेले चर, वाळू आणि खडक जिथे भेटतात ती रेघ, आणि खाडीचा मुख्य प्रवाह कुठल्या काठाला घासून जातो ते. मोबाइलवर फोटो काढा, पण फोटोत मागची एखादी खूण येऊ द्या, माड, देऊळ, जेट्टीचा खांब. दुसऱ्या दिवशी सगळं पाण्याखाली गेल्यावर तीच खूण कामाला येते.

सामान. आठ फुटी काठी जेट्टीवरून आणि खाडीत उत्तम. मोकळ्या पुळणीवर लाटेपलीकडे फेकायचं तर दहा ते बारा फुटी, शंभर ग्रॅम झेपणारी काठी लागते, ती कुणाकडून मागून आणा, विकत घेऊ नका. ४००० चं रीळ चालेल. दोरी २० पौंडी ब्रेड (बारीक धागे विणून केलेली), पुढे ३०-४० पौंडी जाड मोनोचा (एकाच नायलॉन धाग्याच्या दोरीचा) दीड मीटर लीडर, म्हणजे गळाकडचा तुकडा, कारण खडकावरच्या कालवांना ब्रेड टेकली की ब्लेडने कापल्यासारखी तुटते. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर मोनो घर्षणाने तापते आणि गाठीपाशीच कमजोर होते. ड्रॅग, म्हणजे मासा किती जोराने ओढला की रीळ दोरी सोडेल ते ठरवणारा चाप, काट्यावर मोजून लावा: सामान तोलायचा हुक-काटा दोरीला अडकवा, काठी वाकवून ओढा, अडीच किलोवर रीळ सुटायला लागलं पाहिजे.

मांडणी साधी ठेवा. लीडरवर आधी मोकळं सरकणारं ६० ग्रॅम शिसं, मग मणी, मग स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), त्याखाली दीड-दोन फूट दोरी आणि २/० चा सर्कल गळ (टोक आत वळलेला गोल गळ). खडकाळ तळ असेल तर शिसं दहा पौंडी बारीक दोरीच्या तुकड्याने बांधा, अडकलं तर शिसं जाईल, मासा आणि गळ वाचेल.

कणकेचा गोळा घरीच राहू द्या. लाटेत दोन मिनिटांत विरघळतो, फार तर बोई येऊन टोचून जाते. सकाळच्या बाजारातून ताजी कोळंबी आणि माकूल (स्क्विड) घ्या. माकूल चिवट असतं, बोटभर पट्टी कापून एकदा टोचली की टिकते. कोळंबी शेपटीकडून ओवा, गळाचं टोक उघडं ठेवा.

सर्कल गळाची सर्वात मोठी चूक धरणाच्या सवयीतून होते. तरंगी बुडाली की हिसका द्यायचा, हे आपल्या हातात बसलेलं असतं. इथे हिसका दिलात की गळ सरळ तोंडातून बाहेर. काठीचं टोक वाकेपर्यंत थांबा, मग हिसका न देता नुसतं रीळ फिरवत राहा. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात फिरून बसतो.

थंडीत किनाऱ्याजवळ भेटणारा आणि वाट बघण्याच्या लायकीचा मासा म्हणजे रावस. त्याचं तोंड नाकाडाच्या खाली असतं आणि गळ्याखालच्या चार तंतूंनी तो तळ चाचपत येतो, म्हणून आमिष तळाशीच हवं. तोंड मऊ असतं, घाईने ओढलंत तर फाटून सुटतो. धातूचा २०-३० ग्रॅमचा चमकता जिगही (माशासारखं दिसणारं खोटं आमिष) तो घेतो. जिताडा आणि तांब हवे असतील तर जेट्टीच्या खांबांजवळ, कांदळवनाच्या कडेला जिवंत बोई किंवा चार इंची रबरी मासा घेऊन बसा. जिताडा पाण्याबाहेर उडी मारतो तेव्हा काठी खाली, पाण्याकडे झुकवा आणि दोरी ढिली पडू देऊ नका. तांब उलट करतो, गळ लागताच बिळाकडे पळतो. पहिल्या तीन सेकंदांत थांबवला नाही तर गेला. पहिल्या दिवशी हात बसवायला मात्र मुडदुशी धरा: वाळूचा तळ, ८ नंबरचे दोन छोटे गळ, सोललेल्या कोळंबीचे नखाएवढे तुकडे, ३० ग्रॅम शिसं. खायलाही तिच्यासारखी चव क्वचितच.

मोठा जिताडा लागला तर माझी एक विनंती. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. हातभर-दीड हात लांबीचा ठेवा, त्याहून थोराड असेल तर बहुधा अंडी देणारी मादी आहे, फोटो काढून सोडून द्या. तुटलेली दोरीही पुळणीवर टाकू नका. हिवाळ्यातच कोकणात कासवं अंडी घालायला वर येतात.

हात सांभाळा. शिंगाळा माशाच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, तिन्ही विषारी. पाकट या चपट्या माशाच्या शेपटीलाही काटा असतो. टोचलं तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर हात बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. गळाला साप आला तर लांबूनच दोरी कापा, समुद्रसाप विषारीच असतात. खडकावर अनवाणी नको, जाड तळाचे बूट घाला. बसण्याआधी पंधरा मिनिटं नुसत्या लाटा बघा, शांत समुद्रातही मधूनच तीन-चार मोठ्या एकामागून एक येतात. आणि भरतीत परतीची वाट आधी बुडते, तुम्ही बसलेला खडक नंतर. ती वाट कधी बंद होईल ते गावातल्या कोळ्याला विचारून ठेवा.

होडीने जायचं असेल तर सकाळी सहा ते अकरा एवढंच ठरवा, लाइफ जॅकेट अंगात घालूनच, नुसतं होडीत ठेवून नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या दिवशी बघा. आठ-दहा मीटर खोलीवर बांगड्याचे थवे मिळतात, पाच छोट्या गळांची पिसांची माळ सोडून हलकेच वरखाली करायची.

रोज संध्याकाळी रीळ धुवा, हे धरणावर कधी करावं लागत नाही म्हणून लिहितोय. ड्रॅग घट्ट करा, गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्या. नळाची जोराची धार मारू नका, ती मीठ आत ढकलते. दोरी ज्या छोट्या चाकावरून वळते ते बोटाने फिरवून बघा. पांढरी खर धरून ते अडकलं की दोरीला पीळ पडतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेकीला गुंता होतो. पुसून एक थेंब तेल द्या आणि ड्रॅग ढिला करून ठेवा.

घरी न्यायचा मासा तिथेच साफ करून, आतडी-कल्ले काढून, थर्मोकोलच्या पेटीत जेवढा मासा तेवढाच बर्फ असे थर लावा. तळाला भोक पाडून वितळलेलं पाणी निथळू द्या, मासा त्यात भिजत राहिला तर कसारा घाट चढेपर्यंत लिबलिबीत होतो. बांगड्याला तर धरल्याबरोबर बर्फात टाका. उन्हात दोन-तीन तास राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं, ते तळून किंवा रश्श्यात उकळून जात नाही, आणि खाणाऱ्याच्या अंगाला लाली येऊन डोकं ठणकतं.