बी.एससी. केमिस्ट्रीनंतर सोलापुरात नोकरी धरावी की एम.एससी. करावी?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात बी.एससी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहात, घरचे म्हणतात एम.एससी. कर, मित्र म्हणतात चिंचोळी एमआयडीसीत लाग. शेवटी एक ओळ जोडली आहे: "प्रॅक्टिकलचा नोकरीत काही उपयोग होत नाही असं सीनियर सांगतात." मी लिहायला बसलो तो या ओळीमुळे. मी औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये (क्यूसी) आहे आणि नवीन मुलांच्या मुलाखती घेतो. तुमच्या सीनियरचं म्हणणं साफ चूक आहे. प्रॅक्टिकल कसं केलं, यावरच पुढची दहा वर्षं ठरतात.

मुलाखतीत थिअरीचं फारसं विचारत नाही. ब्युरेट हातात देतो. एका फ्लास्कमध्ये ०.५१०५ ग्रॅम केएचपी, म्हणजे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, १२० अंशांवर दोन तास वाळवून वजन केलेलं. बाटलीवर लेबल 'सोडियम हायड्रॉक्साइड, अंदाजे ०.१ नॉर्मल'. टायट्रेशन करून अचूक नॉर्मॅलिटी, म्हणजे द्रावणाची तीव्रता, काढायची, एवढंच काम. केएचपीचं सममूल्य वजन २०४.२२, त्यामुळे द्रावण बरोबर ०.१ असेल तर ब्युरेटचं रीडिंग २५.० मिली यायला हवं. हे गणित मुलं मनातल्या मनात आधीच करून टाकतात, आणि गडबड तिथंच होते. बाटलीतलं द्रावण आम्ही मुद्दाम पातळ ठेवतो, ०.०९४ च्या आसपास. खरा एंड पॉइंट, म्हणजे फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होऊन थांबायची जागा, येतो २६.६ ला.

आता बघा काय होतं. मुलगा २४ पर्यंत भराभर सोडतो, मग थेंब थेंब, आणि २५.० च्या खुणेवर थांबतो. फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलिनच्या गुलाबी रंगाचा मागमूस नाही, द्रावण पाण्यासारखं स्वच्छ. तरी कागदावर लिहितो २५.०, २५.०, २५.० आणि शेजारी 'सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) २५.०'. डोळ्यांसमोर गुलाबी रंग आलेला नाही हे दिसत असून लिहितो. कारण तीन वर्षं जर्नल याच पद्धतीनं भरलेलं असतं: उत्तर आधी, त्यावरून रीडिंग मागं. तीन रीडिंग तंतोतंत सारखी आली की सर सही करतात, १०.१, १०.०, १०.१ आली की विचारतात 'कॉन्स्टंट का नाही?'

ज्याला काम येतं त्याचे हात वेगळे दिसतात. तो आधी ब्युरेटच्या कॉकखाली हवेचा बुडबुडा आहे का बघतो, कारण मधेच तो सुटला की तेवढी जागा द्रावणानं भरते आणि रीडिंग फुकट वाढतं. वरचं फनेल काढून ठेवतो, नाहीतर त्यातून थेंब गळतो. एंड पॉइंट जवळ आला की गुलाबी रंग फ्लास्क हलवल्यावर जायला वेळ लावतो, तिथून पुढे अर्धा अर्धा थेंब. फिका गुलाबी अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. गडद झाला तर तुम्ही पुढे गेलात. मग २६.६ आल्यावर तो लिहितो २६.६ आणि विचारतो, 'ही बाटली कधी बनवली?' हा प्रश्न विचारणाऱ्याला मी टक्के न बघता घेतो. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून ते प्रायमरी स्टँडर्ड, म्हणजे नुसत्या वजनावर भरवसा ठेवावा असा पदार्थ, नाही. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, बाटलीकडे बघून आठवणारे थोडे.

हे एवढं ताणून का सांगतोय? कारण औषध कंपनीत टायट्रेशनच्या जागी एचपीएलसी येतं, म्हणजे नमुन्यातले घटक कॉलम नावाच्या नळीत वेगळे करून मोजणारं मशीन, पण सवय तीच राहते. Assay, म्हणजे गोळीत औषध किती टक्के आहे तो आकडा, १०० टक्क्यांच्या आसपास यायला हवा आणि आला ९६.८, तर 'परत एक इंजेक्शन मारू (नमुना पुन्हा मशीनमध्ये सोडू), येईल' असं ज्याला वाटतं तो जर्नलमध्येच घडलेला असतो. सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल असतो, प्रत्येक इंजेक्शनची वेळ आणि नाव राहतं. अमेरिकेच्या एफडीएचा इन्स्पेक्टर आला की पहिला तोच उघडायला लावतो. लिमिटबाहेरचा रिझल्ट आला तर ओओएस, म्हणजे आउट ऑफ स्पेसिफिकेशनची चौकशी, उघडायची, आधी वजन, डायल्यूशन, स्टँडर्ड, कॉलम तपासायचे, कारण सापडलं तरच तो रिझल्ट रद्द होतो. पास होईपर्यंत इंजेक्शन मारत राहणं हा नोकरी घालवणारा गुन्हा आहे, आणि त्यानं अख्ख्या कंपनीची निर्यात अडकू शकते. म्हणून जे प्राध्यापक म्हणतात 'जर्नल पूर्ण करा, हात नोकरीत बसेल', त्यांच्याशी माझं कधीच पटलं नाही. हात बसतो. खोटं लिहायची सवय मोडत नाही.

आता सोलापूरचं. एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल आणि रसायनं दोन्ही आहेत. बालाजी अमाइन्ससारखे मेथिलअमाइन, डीएमएफ (एक सॉल्व्हंट) बनवणारे प्लांट चिंचोळीत आणि पलीकडे तामलवाडीत आहेत. प्रॉडक्शनला लागलात तर पाळ्या आणि रिअ‍ॅक्टर. तिथं उपयोगी पडते ती थर्मोडायनॅमिक्स. उष्णता सोडणाऱ्या रिअ‍ॅक्शनमध्ये तापमान ठरल्यापेक्षा खाली गेलेलं असताना अ‍ॅडिशन चालू ठेवली तर माल रिअ‍ॅक्ट न होता साठत जातो, आणि मग एकदम पेटतो. 'थंड आहे म्हणजे सेफ आहे' असं समजणारा ऑपरेटर धोकादायक, आणि त्याला थांबवणं हे केमिस्टचं काम.

साखर कारखान्यांबद्दल मुलं नाक मुरडतात, का ते मला कळत नाही. अख्खा जिल्हा कारखान्यांचा आहे. लॅब केमिस्टला ब्रिक्स (रसात विरघळलेलं सगळं), पोल (त्यातली साखर) आणि प्युरिटी (ब्रिक्समध्ये पोल किती टक्के) काढायची असते: रसाचा ब्रिक्स २० आणि पोल १७ असेल तर प्युरिटी ८५. क्लिअर ज्यूसचा पीएच ७ च्या आसपास राखायचा. खाली गेला की सुक्रोजचं इन्व्हर्जन होऊन, म्हणजे ते ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फुटून, साखर जाते, फार वर गेला की ग्लुकोज-फ्रुक्टोज तुटून रस काळवंडतो. काम हंगामी असतं हे खरं, पण मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा साखर किंवा अल्कोहोलचा कोर्स जोडला तर डिस्टिलरीतही शिरता येतं.

टॉवेल-चादरीच्या डाईंगमध्ये तर केमिस्टची गरज असून कुणी बघतच नाही. एकच उदाहरण देतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या १,००० लिटर बाथला लिटरमागे ६० ग्रॅम हिशोबानं ६० किलो ग्लॉबर सॉल्ट घातलं. रेसिपी निर्जल सोडियम सल्फेटची होती, पोत्यात मात्र दहा पाणी असलेलं स्फटिकी. १४२ भागिले ३२२, म्हणजे ४४ टक्केच खरं मीठ. बाथमध्ये साडेसव्वीस किलो पडलं, लागणार होतं साठ. रंग सुतावर चढत नाही, शेड फिकी येते, आणि शिव्या रंगाच्या कंपनीला बसतात. पोतं आल्यावर १० ग्रॅम नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवला असता तर साडेपाच ग्रॅमच्या वर वजन उतरलं असतं आणि कारण हातात आलं असतं. बोअरचं जड पाणी, ब्लीचिंगनंतर उरलेलं पेरॉक्साइड रंग खातं, सोडा अ‍ॅश एकदम ओतला की डाग पडतात, ही सगळी बी.एससी.ची केमिस्ट्री आहे. डाईंग मास्तरला 'काय करायचं' हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. 'का बिघडलं' हे सांगता आलं तर तुमची जागा पक्की.

घरच्यांना एक स्पष्ट सांगा: या पदवीवर स्वतः फार्मासिस्ट म्हणून मेडिकल दुकान चालवता येत नाही, त्याला फार्मसीच लागते. पण ड्रग्ज रूल्सप्रमाणे केमिस्ट्री मुख्य विषय असलेला पदवीधर औषधनिर्मितीच्या किमान तीन वर्षांच्या अनुभवानंतर अप्रूव्हड मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट होऊ शकतो. ही मंजुरी हातात असलेल्या माणसाला कंपनी सहज सोडत नाही.

एम.एससी.बद्दल माझं मत: 'ऑर्गॅनिक घेतलं तरच करिअर' हे जुनं तुणतुणं आहे. आर अँड डीत सिंथेसिस करायचं असेल तर ऑर्गॅनिक हवंच, आणि त्या जागा मुख्यतः हैदराबाद, पुणे, मुंबईत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांना हैदराबाद सोपं जातं. पण क्यूसी, अ‍ॅनालिटिकल डेव्हलपमेंट, रेग्युलेटरी या बाजूला अ‍ॅनालिटिकलवाला मागं पडत नाही. पुण्याच्या एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ठिकाणी संशोधनाचं मनात असेल तर जॅम, म्हणजे आयआयटीसारख्या ठिकाणच्या एम.एससी.ची प्रवेश परीक्षा, याच वर्षी द्या, पुढे नेट किंवा गेट.

खोट्या रीडिंगचा सगळा दोष मुलांवर ढकलणं बरोबर नाही, तेही लिहितो. एका वजनकाट्यावर अख्खी बॅच आणि अडीच तासांत तीन रीडिंग असतील तर कुणीही शॉर्टकट मारेल. शिवाय स्पर्धा परीक्षेलाच बसायचं ठरलेलं असेल तर वरचं बरंचसं तुमच्या कामाचं नाही. आणि सुरुवातीचा पगार सगळीकडेच कमी असतो. एम.एससी.ची दोन वर्षं काढायची घरची तयारी नसेल तर आधी नोकरी धरा, एम.एससी. नंतर.

आणि एम.एससी.चा फॉर्म भरण्याआधी त्या विभागात एक चक्कर मारा. एचपीएलसी चालू आहे का, विद्यार्थ्यांना स्वतः इंजेक्शन मारू देतात का, हे विचारा. बफर (पीएच स्थिर ठेवणारं, बहुधा फॉस्फेटचं द्रावण) वापरून झाल्यावर कॉलम कशानं धुता, हेही विचारा. 'आधी पाणी, मग मिथेनॉल' असं उत्तर आलं तर तिथं लोक मशीनवर काम करतात. पाण्याचं नावच न घेता 'अ‍ॅसिटोनायट्राइल सोडतो' म्हणाले, तर फॉस्फेट कॉलममध्ये खडे धरून बसलेलं असणार, आणि ते मशीन तुम्हाला दोन वर्षं फक्त काचेतून दिसेल.