काय काढलंस ते सांग

पोरी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि झोपच लागली नाही, म्हणून आता लिहायला बसलोय. विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू करणारी तुझी डबी आणि ॲप बघून स्पर्धेतले परीक्षक म्हणाले यात इनोव्हेशन कुठंय, आणि तू विचारतेस की कॅमेरा लावून पानावरचा रोग ओळखणारं एआय टाकू का. नको टाकू.

रात्री बारा वाजता लाईट आली की तुझे बाबा बॅटरी घेऊन विहिरीवर जातात, पावसाळ्यात पायाखाली काय येईल सांगता येत नाही, म्हणून तू हे सुरू केलंस ना? मागच्या वेळी वर्कशॉपवर आलीस तेव्हा तुझ्या ॲपमध्ये मी सात स्क्रीन मोजल्या. हवामान, बाजारभाव, खताचं वेळापत्रक, आणि मोटर चालू करायचं बटण चौथ्या स्क्रीनवर. चौथ्या! मी चिडलो, तू गप्प झालीस, ते मला नंतर लागलं. पण बोललो ते खोटं नव्हतं. आता येशील तेव्हा नवीन काय टाकलं ते दाखवूच नको, काय काढलंस ते सांग.

तुमच्या शाळेजवळचा हापसा बघितलायस ना, इंडिया मार्क टू. त्याच्या आधीचे बिडाचे हापसे एका घराच्या वापरापुरते बनवलेले, त्यावर अख्खं गाव पाणी भरायला लागलं की सांधे झिजायचे, दांडा तुटायचा. मग जालन्यात आणि सोलापुरात लोकांनी वर्कशॉपमध्ये पोलादी हापसे बनवले, त्यांनी ते सांधे काढून टाकले, दांड्याला एकच खीळ ठेवली आणि पुढं साखळी लावली, म्हणजे आतला रॉड सरळ वर-खाली होतो, वाकडा ओढला जात नाही. सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं मार्क टू तयार झाला तो याच सोलापूर हापशावरून. तरी एक खोट राहिलीच, खालचा वायसर बदलायचा तर सगळे पाईप वर उपसायला लागायचे. म्हणून मार्क थ्रीमध्ये पाईप रुंद केला, आता नुसता रॉड ओढला की दट्ट्या वर येतो. नवीन काय टाकलं यात? काही नाही. दुरुस्तीचे कष्ट काढले.

माझं सांगतो. 2009 साली मी ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र बनवलं होतं. प्रत्येक नळीला सेन्सर, बी पडायचं थांबलं की यंत्र आपोआप बंद. वर्कशॉपच्या फरशीवर एक नंबर चालायचं. शेतात सोयाबीनच्या बियाण्याला लावलेली बीजप्रक्रियेची पावडर सेन्सरच्या काचेवर बसली, यंत्राला वाटलं बी संपलं, दर दहा-बारा फुटांवर बंद. फोन आला, दुसऱ्या दिवशी गेलो, काच पुसली, परत तेच. तिथं बांधावर बसून मी सेन्सर उघडत होतो आणि तो शेतकरी नुसता आभाळाकडं बघत होता. रात्री पाऊस आला, वाफसा गेला, त्याची पेरणी आठ दिवस लांबली. तो मला एक शब्द बोलला नाही, निघताना चहा पाजला. तो चहा मला अजून आठवतो.

आणि मी काय केलं, वर्षभर सांगत फिरलो की लोकांना वापरता येत नाही. सर्किटमध्ये चूक नव्हती हे मी आजही म्हणतो. पण सर्किट बरोबर असून त्या माणसाला काय उपयोग?

नंतर सगळं काढलं. नळ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या केल्या, मागं उभ्या माणसाला बी पडताना डोळ्यांनी दिसतं, बस्स. डीलर म्हणाला यात काय विशेष. पार्टनरला डिस्प्लेवालं मॉडेल पाहिजे होतं, तो सोडून गेला. घरी म्हणतात तुमच्या हट्टापायी धंदा लहान राहिला. राहू दे. ती यंत्रं अजून पेरताहेत, नळी फुटली तर तालुक्यात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, मला फोनसुद्धा येत नाही. मी हटलो नाही ते बरोबरच केलं.

पुण्याच्या संतोष ओस्तवालांचं नॅनो गणेश बघ एकदा. साधा मोबाईल पंपाच्या स्टार्टरला जोडलेला, फोन लावायचा, लाईट आहे का ते आवाजावरून कळतं, कोड दाबला की मोटर चालू. बटणाच्या फोनवर चालतं, ज्याला वाचता येत नाही त्यालाही जमतं. तुझ्या सात स्क्रीनमधली कुठली तुझ्या बाबांना अंधारात चष्म्याशिवाय दिसते, हे तू त्यांना विचारलंस का? मला नाही वाटत विचारलंस.

परीक्षकांचं मनाला लावून घेऊ नको. ते रात्री विहिरीवर जात नाहीत.

रविवारी ये. बाजारभाव काढ, हवामान काढ, खताचं तर काढच. ओलाव्याचा सेन्सर राहू दे की काढायचा ते बाबांना विचारून ठरव, मला विचारू नको. येताना डबी आणि बाबा दोघांना घेऊन ये. डबी त्यांच्या हातात देऊ आणि आपण दोघं तोंड बंद ठेवून शेजारी उभं राहू.